जाहिरातीचे आप्तवाक्य



दुसऱ्याचे मन वळविण्याच्या कलेचे शास्त्र अ‍ॅरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मांडले. वक्त्याचे शील, श्रोत्यांच्या भावना आणि प्रतिपादनातील युक्तिवाद अशी तीन साधने त्याने सांगितली. हे विवेचन मराठीत आणू पाहताना पहिल्याच साधनापाशी माझी लेखणी अडखळली. ‘शील’ हा शब्द पुरेसा वाटेना. तेव्हा आपल्या न्यायदर्शनातील ‘आप्तवाक्य’ आठवले. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान आहे आणि जे जाणले तेच सांगावे अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही दुहेरी कसोटी व्हिडिओ खेळांच्या जाहिरातींना लावून पाहू.

१९८० साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने ‘इंटेलिव्हिजन’ हे खेळांचे यंत्र देशभर विक्रीस आणले. अटारी कंपनीचे यंत्र १९७७ पासूनच बाजारात होते. मॅटेलने आपल्या जाहिरातींसाठी जॉर्ज प्लिम्प्टन या लेखकाची निवड केली. व्यावसायिक खेळाडूंबरोबर स्वतः मैदानात उतरून त्या अनुभवांवर लिहिणारा म्हणून त्याची ख्याती होती. दोन्ही यंत्रांवरील बेसबॉल शेजारी शेजारी दाखवून तो त्यांतील फरक प्रेक्षकांच्या नजरेस आणून देई.

युक्तिवाद सरळ होता आणि चित्रेही खोटी नव्हती. परंतु तुलनेचा विषय विक्रेत्यानेच निवडलेला होता. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या लोकप्रिय खेळाची अधिकृत घरगुती आवृत्ती १९८० मध्ये अटारीने आणली. इंटेलिव्हिजनवर ती नव्हती. बेसबॉलच्या तुलनेत ही उणीव कोठून दिसणार? शिवाय प्लिम्प्टनचे ज्ञान मैदानावरील खेळाचे होते आणि बोलणे मोबदल्याचे. आप्ताच्या दोन्ही अटी येथे ढळतात.

भावनेचे उदाहरण १९८२ चे. ‘ई. टी.’ या चित्रपटातील परग्रहवासी जिवाने मुलांना लळा लावला होता. त्या लळ्याच्या भरवशावर अटारीने सुमारे पाच आठवड्यांत रचलेला खेळ नाताळच्या खरेदीसाठी बाजारात आणला. खेळाने निराशा केली. न खपलेल्या मालाबरोबर त्याच्या प्रती १९८३ साली न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आल्या; २०१४ च्या उत्खननात त्या सापडल्या.

हे दूरदेशीचे कौतुक म्हणून सोडून देता येत नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींत आपल्याकडील नामवंत क्रिकेटपटूही झळकले. २०२५ साली संसदेने अशा खेळांना व त्यांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा संमत केला, तोपर्यंत अनेक घरांनी त्यांची किंमत मोजली होती.

म्हणून, मुलाने एखाद्या खेळाचा हट्ट धरला, तर त्याला नुसते ‘नाही’ म्हणू नये. त्याच्यासह ती जाहिरात पाहावी आणि विचारावे : हे सांगणाऱ्याला खरोखर काय ठाऊक आहे, आणि त्याने हे सांगावे अशी इच्छा कोणाची आहे?