अडलेला सुळा आणि लेसरचा किरण



मनुष्याच्या बत्तिशींत प्रत्येक दांताला आपापलें काम नेमून दिलेलें आहे. पटाशीचे दांत तोडतात, दाढा दळतात आणि या दोहोंच्या सीमेवर, कमानीच्या वळणावर, सुळे उभे असतात. सुळ्याचें मूळ सर्व दांतांत लांब. म्हणून इतर दांतांनीं रजा घेतल्यावरही तो बहुधा पुष्कळ वर्षें टिकून राहतो. असा हा दांत कांहीं मुलांच्या तोंडांत वेळ होऊनही उगवतच नाहीं. त्याचें पुढें काय होतें, आणि लेसरच्या शस्त्रक्रियेनें त्याची वाट मोकळी होते म्हणतात तें कितपत खरें, याचा आज आपण विचार करूं.

वरच्या सुळ्याचा प्रवास फार लांबचा. त्याचा अंकुर नाकाच्या बाजूला, जबड्यांत उंचावर धरतो. मूल सहा-सात वर्षांचें होईतों त्याचा माथा घडून पुरा होतो. पण हिरडीबाहेर येण्यास अकरावें-बारावें वर्ष उजाडतें. या वाटचालींत तो शेजारच्या पटाशीच्या मुळाच्या कडेकडेनें खालीं सरकतो. ती पटाशी जन्मतःच नसली किंवा फार बारीक असली, तर सुळ्याचा वाटाड्याच हरपतो आणि तो टाळूकडे वळण्याचा संभव वाढतो. जबड्यांत दाटी असली, तर तो उलट ओठाच्या बाजूस उंचावर अडकून राहतो. अक्कलदाढा सोडल्या तर अडून बसणाऱ्या दांतांत वरच्या सुळ्याचाच क्रमांक पहिला. शंभरांत एका-दोघांना ही अडचण असते, आणि मुलांपेक्षां मुलींत ती अधिक आढळते.

"दुखत नाहीं ना? मग येईल सावकाश," असें पुष्कळ घरांत म्हणतात. दुधाचा सुळा जागेवर घट्ट असतो, जागा रिकामी दिसत नाहीं, आणि घरांतील कोणाच्याही मनांत शंका येत नाहीं. घात होतो तो येथेंच. अडलेला सुळा बहुधा दुखत नाहीं. परंतु तो आंतल्या आंत शेजारच्या पटाशीचें मूळ झिजवूं शकतो, आणि तेंही मुकाट्यानें. क्वचित् त्याच्या माथ्याभोंवतीं द्रवाची पिशवी धरते. एका दांताची हयगय केल्यामुळें दोन दांत गमावण्याची पाळी येते, ती अशी.

म्हणून खरी तपासणी नवव्या-दहाव्या वर्षींच व्हावयास पाहिजे, आणि तिचें पहिलें साधन म्हणजे दंतवैद्याचें बोट. ओठ उचलून दुधाच्या सुळ्याच्या वरच्या अंगास बोट फिरविलें असतां येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा हातास लागावा. तो लागला नाहीं, किंवा एका बाजूस लागून दुसऱ्या बाजूस लागला नाहीं, तर क्ष-किरणांचें चित्र काढून शोध घ्यावा. वेळीं केलेल्या उपायाचें फळ किती मोठें असतें, हें स्वीडनमधील एरिक्सन व कुरोल या संशोधकांनीं १९८८ सालीं दाखवून दिलें. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांत टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांच्या बाबतींत त्यांनीं फक्त वरचा दुधाचा सुळा काढला; त्यांपैकीं ३६ सुळे आपण होऊन नीट वाटेस लागले. येथें सुरी नव्हती कीं लेसर नव्हता. होतें तें केवळ वेळेचें भान.

ही वेळ टळली म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार येतो. लेसरचा पहिला किरण १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं कृत्रिम माणकाच्या कांडींतून काढला. १९६४ सालीं कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर पुढें आला, तो कुमार पटेल यांनीं बेल प्रयोगशाळेंत सिद्ध केला. त्यांचा जन्म आपल्या बारामतीचा आणि अभियांत्रिकीचें शिक्षण पुण्याचें. या लेसरचा प्रकाश पाण्यांत तत्काळ शोषला जातो. हिरडींत पाण्याचा अंश मोठा, म्हणून किरण पडतांच तेवढा भाग वाफ होऊन उडतो, आणि बारीक रक्तवाहिन्या त्याच उष्णतेनें मिटतात. दवाखान्यांत आज बहुधा डायोड जातीचा लहान लेसर दिसतो. तो केवळ हिरडीसाठीं. अर्बियम जातीचा लेसर पाण्याच्या फवाऱ्यासह वापरला असतां हाडही कापूं शकतो.

सुळ्यावर केवळ हिरडीचा पडदा राहिला असेल, तर जागा बधिर करून लेसरनें तेवढी खिडकी उघडतात. रक्तस्राव अल्प होतो, टांके घालण्याची गरज पुष्कळदां पडत नाहीं. दांत कोरडा मिळाल्यामुळें त्यावर लहानशी कडी त्याच बैठकींत चिकटवितां येते, आणि तारेच्या हलक्या ओढीनें दांत हळूहळू खालीं आणतां येतो. रक्तानें भिजलेल्या दांतावर ती कडी धरत नाहीं. लेसरचा खरा उपयोग येथें आहे.

परंतु किरण वाट उघडतो, दांत ओढीत नाहीं. ओढण्याचें काम तारांचें, आणि तें कित्येक महिन्यांचें. त्या आधीं कमानींत दांताला जागा करावी लागते. सुळा हाडांत खोल असेल तर हिरडीचा पदर उचलून, हाड काढूनच त्याला गांठावें लागतें. शिवाय दांताभोंवतीं घट्ट हिरडीची दोन-तीन मिलिमीटर किनार राहणें अवश्य असतें. ती सरसकट जाळून टाकली, तर दांत येतो पण त्याची हिरडी पुढें मागें सरते. डायोडची उष्णता हाडास पोंचली तर अपाय होतो, आणि किरणापासून रोगी व वैद्य दोघांच्याही डोळ्यांना चष्म्याचें संरक्षण लागतें.

म्हणून शस्त्रक्रियेस संमति देण्यापूर्वीं आईबापांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावेत: सुळ्यावर हाड आहे कीं नुसती हिरडी? त्याला उतरण्यास जागा आहे काय? आणि घट्ट हिरडीची किनार शिल्लक राहील ना? उत्तरें अनुकूल असतील तर लेसर हा उत्तम सेवक आहे. नसतील तर साधी सुरीच अधिक हितकर. यंत्र नवें म्हणून उपचार श्रेष्ठ ठरत नाहीं. तो योग्य ठिकाणीं योजला म्हणजे श्रेष्ठ ठरतो.

आपल्या घरांत नऊ-दहा वर्षांचें मूल असेल, तर त्याच्या वरच्या दोन सुळ्यांची चौकशी याच वर्षीं करून घ्यावी, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.