आपत्तीपूर्वीचे शिक्षण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकात्यास दिलेले भाषण)



या व्यासपीठावर आजवर नाट्यसंगीत रंगले, कीर्तने झाली. तेथे आज आपण आम्हांस आपत्काळ आणि आरोग्यसेवक या रूक्ष विषयावर बोलावयास उभे केलेत, हे धाडसच होय. त्यातून आम्ही वैद्य नव्हे. कलाशाखेचे पदवीधर, आयुष्य सरकारी फायलींत गेलेले. परंतु ज्या घटनेविषयी आम्ही सांगणार आहोत तिचे मर्म असे की, तीत वैद्यांहून वैद्येतरांचेच हात अधिक कामी आले.

१९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले आणि सीमेवरील बनगावच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. रोगी जमिनीवर पडलेले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे द्रव देण्याचा निर्णय घेतला. लिटरभर पाण्यास ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम आणि खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम. कोलकात्यात पुड्या भरून त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने बंद केल्या जात. छावणीत ते मिश्रण पिंपांत कालवीत आणि पाजण्याचे काम रोग्याच्या आईबापांकडे, भावंडांकडे सोपवीत. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते, ते सुमारे ३.६ टक्क्यांवर आले. (मिश्रणाचे प्रमाण पुढे बदलले, तत्त्व तेच राहिले.) डॉक्टरांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, मरणोत्तर. आपल्याकडील रीतच ती!

आता असे पाहा. एका निरक्षर मातेस दहा मिनिटांत जे शिकविता आले, ते आमच्या आरोग्यसेवकांस आधीच का शिकवून ठेवू नये? २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, प्राधिकरणे झाली, आराखडे छापले गेले. प्रशिक्षणे होतात, नाही असे नाही. परंतु बहुतेक ठिकाणी ती जिल्ह्याच्या ठिकाणी, पंख्याखाली, भाषणांनी होतात; चहा, फराळ, प्रमाणपत्र आणि समारोप. हाताला काही लागत नाही.

विहिरीचे पाणी निर्जंतुक करण्याचेच घ्या. ताज्या ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो; हवा, ऊन आणि दमट जागा लागली की तो उडत जातो. एका गोदामात फुटक्या पिशव्यांतून ओलसर ढेकळे झालेली पावडर आम्ही स्वतः पाहिली. नोंदवहीत साठा मात्र पूर्ण! ती पावडर पुस्तकातील मापाने टाकणारा सेवक मनोभावे निरुपयोगी काम करीत असतो. यावर हॉरॉक्सचा संच हा साधा उपाय आहे. एक काळा पेला, सहा पांढरे पेले. काळ्यात २ ग्रॅम पावडर कालवावयाची, पांढऱ्या पेल्यांतील पाण्यात त्याचे थेंब एक ते सहा असे चढत्या क्रमाने सोडावयाचे, अर्धा तास थांबून सूचक द्रव घालावयाचा. निळा रंग स्पष्टपणे प्रथम ज्या पेल्यात उमटेल त्याच्या क्रमांकाची दुप्पट, तितके ग्रॅम ४५५ लिटर पाण्यास लागतात. तिसऱ्यात उमटला तर सहा ग्रॅम. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मुलीलाही एका दुपारी हे जमेल. पण ती दुपार वादळापूर्वीची हवी.

२५ मे २००९ रोजी आयला वादळात सुंदरबनातील बांध फुटून खारे पाणी गावांत शिरले, कूपनलिका बुडाल्या आणि मागोमाग अतिसार आला. २० मे २०२० रोजी अम्फान आले ते करोनाच्या ऐन काळात. एकीकडे माणसे आश्रयस्थानी एकत्र आणावयाची आणि दुसरीकडे अंतर राखावयाचे, असा पेच सेवकांपुढे पडला. दोन्ही वादळे मे महिन्यातली. म्हणून आमचे म्हणणे असे की, शिक्षण एप्रिलपूर्वी व्हावे, उपकेंद्रावर व्हावे, आणि गावच्या त्याच विहिरीवर व्हावे. आशा कार्यकर्तीस त्या दिवसाचा भत्ता हाती मिळावा, हेही सांगितले पाहिजे; तिची रोजची कमाई बुडवून तिला बोलावणे योग्य नव्हे.

हॉरॉक्सचा एक संच आम्ही येथे आणला आहे. तो मागील टेबलावर ठेवला आहे. मंडळाच्या विहिरीचे पाणी सचिवांनी बादलीभर आणविले आहे; सूचक द्रव घालण्यास अजून वीस मिनिटे अवकाश आहे, तोवर चहा घेऊन यावे.