चीजवस्तूंची वाटणी आणि घरातील सलोखा



घरातील वडीलधारे माणूस निवर्तल्यानंतर जी वाटणी होते, तिच्यात शेतजमीन, राहते घर आणि बँकेतील ठेवी यांचा विचार प्रथम होतो, आणि ते स्वाभाविक आहे. जमिनीला सातबाऱ्याचा उतारा असतो, ठेवीला पासबुक असते. परंतु माळ्यावरचा तांब्याचा हंडा, न्हाणीघरातले घंगाळ, माजघरातला झोपाळा, आईची बोरमाळ, देव्हाऱ्यातले टाक यांना कोणताही उतारा नसतो. जुनी भांडी मोडीत घातली, तर हाती येणारी रक्कम बेताचीच असते. असे असूनही याच वस्तूंवरून सख्ख्या भावाबहिणींत अबोला पडतो आणि तो पुढच्या पिढीपर्यंत टिकतो, हा अनेक गावांतील अनुभव आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्याकडे अशा तंट्यात सल्ल्यासाठी लोक येतात. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे इष्ट आहे.

तंट्याचे मूळ

या कलहाचे मूळ लोभात आहे, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे ठरेल. जमीन मोजता येते आणि ठेव आकड्यात मांडता येते. पण ज्या परातीत आईने आयुष्यभर पीठ मळले, तिचे मोल वजनकाट्यावर ठरत नाही. प्रत्येक अपत्याला त्या वस्तूत आईवडिलांच्या मायेचा पुरावा दिसतो. परात दुसऱ्याकडे गेली म्हणजे मायाच दुसऱ्याकडे गेली, असे वाटू लागते.

दुसरे कारण तोंडी आश्वासनांचे. ‘माझ्यामागे या पाटल्या तुझ्या,’ असे आजारी आई एकदा सेवा करणाऱ्या सुनेला म्हणते आणि एकदा माहेरपणाला आलेल्या लेकीलाही म्हणते. दोन्ही वेळी तिचे मन प्रामाणिक असते. परंतु तिच्या पश्चात दोघीही खऱ्या आणि दोघीही दुखावलेल्या, असा प्रसंग उद्भवतो.

तिसरे कारण वेळेचे. तेराव्यानंतर नोकरीचाकरीनिमित्त दूर राहणारी भावंडे परतण्याच्या घाईत असतात. त्या घाईत कपाटे उघडली जातात, किल्ल्या कोणाकडे होत्या याची कुजबुज सुरू होते आणि दुःख हलके होण्यापूर्वीच संशय घरात शिरतो.

जुन्या शास्त्रकारांची दृष्टी

ही अडचण नवी नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वस्त्रे, वाहन, अलंकार, शिजवलेले अन्न, पाणी आणि येण्याजाण्याची वाट यांची गणना वाटणी न होणाऱ्या गोष्टींत केलेली आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या विज्ञानेश्वराच्या टीकेतही अविभाज्य वस्तूंची चर्चा आहे. विहिरीचे तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून तिचे पाणी पाळीपाळीने वापरावे, ही तिच्यातील दृष्टी आजही खेड्यांतील सामाईक विहिरींवर दिसते. त्या ग्रंथांतील सर्वच व्यवस्था आज स्वीकारण्याजोगी नाही, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. मात्र काही वस्तू तोडून वाटण्यासाठी नसून राखून वापरण्यासाठी असतात, हा विचार आजही उपयोगी आहे.

कायद्याची चौकट

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 अन्वये मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या पुरुषाच्या स्वतंत्र मालमत्तेत त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना समान हिस्सा मिळतो. या मालमत्तेत घरातील जंगम वस्तूही येतात. स्त्रीची स्वतःची मालमत्ता प्रथम तिचा पती, मुलगे आणि मुली यांच्याकडे समान वाट्याने जाते. म्हणजे आईचे दागिने केवळ लेकींचे, किंवा केवळ घरात नांदणाऱ्या सुनांचे, ही समजूत कायद्याला धरून नाही.

राहत्या घराची वाटणी मागण्यावर मुलींना पूर्वी जे बंधन होते, ते कलम 23 मध्ये होते. 2005 च्या दुरुस्तीने ते कलम वगळण्यात आले. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने या दिशेने 1994 मध्येच पाऊल टाकले होते. वडील 2005 मध्ये हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. म्हणून सल्ला देणाऱ्याने प्रथम कोणता कायदा लागू आहे हे पाहावे.

सुनेने वर्षानुवर्षे केलेल्या सेवेची मात्र वारसाहक्कात स्वतंत्र नोंद नसते. तिला काही द्यावयाचे असेल, तर ते वडीलधाऱ्यांनी हयातीतच द्यावे. जंगम वस्तूचे दान ती वस्तू प्रत्यक्ष हाती सोपविल्याने पूर्ण होते. चार माणसांदेखत सुनेच्या हातात घातलेल्या पाटल्यांबद्दल मागाहून वाद उरत नाही. मृत्युपत्र करावयाचे असल्यास त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात; नोंदणी ऐच्छिक असली तरी हितावह असते.

येथे एका प्रथेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. आईची एखादी माळ किंवा साडीचोळी बहिणीपुढे ठेवायची आणि तिच्याकडून जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, असे अनेक घरांत घडते. हक्क सोडण्याचा अधिकार बहिणीला निश्चित आहे; परंतु तो तिने समजून-उमजून, स्वखुशीने वापरला पाहिजे. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही स्वखुशीची नव्हे. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. ते करण्यापूर्वी तिला तिच्या हिश्श्याची पूर्ण कल्पना देणे हे भावांचे आणि मध्यस्थांचेही कर्तव्य होय.

मागे राहिलेल्या आईचा संसार

सर्वांत गंभीर बाब याहून वेगळी आहे. वडील गेल्यावर आई हयात असताना भांडीकुंडी वाटली जातात, तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत तिचाच संसार मोडला जातो. हंडा एकाकडे, कपाट दुसऱ्याकडे आणि आई महिन्यामहिन्याच्या पाळीने तिसऱ्याकडे, अशी व्यवस्था काही घरांत दिसते. विहिरीचे पाणी पाळीने वापरता येते. आईला पाळीवर ठेवणे माणुसकीला शोभत नाही. तिची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी. परंतु ती इच्छा तिला आधी कोणीतरी विचारली पाहिजे.

विधवा ही स्वतः समान वारस आहे, आणि तिच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक असते. तिचे स्त्रीधन तर वाटणीत येतच नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 अन्वये न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चाची मागणी करण्याचाही मार्ग तिला खुला आहे. पण तिला अर्ज करावा लागू नये, यातच कुटुंबाची प्रतिष्ठा आहे. आई जिवंत असेतोवर घरातील नित्याच्या वस्तू तिच्या वापरात, तिच्याच घरी राहाव्यात, हा पहिला नियम मानावा.

वाटणीची सुलभ रीत

मग वाटणी कशी करावी? प्रथम, दिवसकार्याच्या दिवसांत वाटणीचा विषय काढू नये. सर्वांच्या सोयीची तारीख ठरवावी आणि तोवर मौल्यवान वस्तू सर्वांसमक्ष यादी करून एका ठिकाणी ठेवाव्यात.

दुसरे, यादी संपूर्ण असावी. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली आणि 2012 च्या राज्य अधिनियमाने नव्याने मांडलेली एक कार्यवाही या बाबतीत लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे मृताच्या संपत्तीची यादी न्यायालयापुढे सादर होते आणि मालमत्तेवर वारसांमध्ये आपसांत बोलीही होऊ शकते. जो वारस वस्तू घेतो, तो आपल्या हिश्श्याहून जादा ठरलेली रक्कम इतरांना भरून देतो. न्यायालयात न जाताही हीच पद्धत घरातल्या झोपाळ्याला किंवा शिसवी कपाटाला लावता येईल.

तिसरे, ज्या वस्तूंत भावना गुंतलेली आहे, त्या किमतीच्या वस्तूंपासून वेगळ्या काढाव्यात. सोने वजनाने आणि चालू भावाने वाटता येते. पण आईची पोथी, वडिलांचा चष्मा, जुनी छायाचित्रे यांसाठी प्रत्येकाने आळीपाळीने एकेक वस्तू निवडावी. छायाचित्रांच्या प्रती आता सहज काढता येतात; मूळ एकाकडे आणि प्रती सर्वांकडे राहाव्यात. देव्हाऱ्यातील टाक जेथे कुळाचार चालणार असेल तेथे द्यावेत आणि इतरांना दर्शनाला दार मोकळे असावे. उरलेल्या भांड्यांसाठी एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावे, ही जुनी रीत उत्तम होय. वाटे पाडणाऱ्याला कोणता वाटा आपल्याकडे राहील हे ठाऊक नसते. म्हणून ते समान पडतात.

चौथे, झालेल्या वाटणीचा कागद करून सर्वांनी त्यावर सह्या कराव्यात. केवळ जंगम वस्तूंच्या वाटणीपत्राला नोंदणी सक्तीची नाही. स्थावर मालमत्ता त्यात आल्यास नोंदणी आणि मुद्रांक यांबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा.

गावाची भूमिका

एवढे करूनही तंटा उरल्यास न्यायालय हा शेवटचा मार्ग समजावा. महाराष्ट्रात 2007 मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातील वाद गावातच मिटविण्याचा विचार रुजविला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये चालणाऱ्या लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही नेता येतात. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याविरुद्ध अपील होत नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी साहाय्य मिळते, ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावी.

मध्यस्थाने मात्र दोन पथ्ये पाळावीत. बैठकीला बहिणींना आणि मागे राहिलेल्या आईला बोलावल्याशिवाय चर्चा सुरू करू नये. आणि कोणाच्या मनाविरुद्ध तडजोड लादू नये. घाईने मिटविलेला तंटा पुढच्या लग्नकार्यात पुन्हा डोके वर काढतो.

हंडा कोणाच्या तरी माळ्यावर जाणारच आहे. भाऊबीजेला बहीण त्याच घरी निःशंक मनाने येऊ शकली, तर वाटणी नीट झाली असे समजावे. कायद्याने हिस्सा ठरतो. तो देताना मन राखणे हे कुटुंबाच्या आणि गावाच्या हाती आहे.