रंग ओतावे कसे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत घातले, तेव्हा मी त्यांना हात जोडून म्हटले, की बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय भाषण करणार? त्या म्हणाल्या, "भाषण नका करू. तुम्ही ते रंग कसे ओतता, तेवढे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर घरचीच समजून सांभाळून घ्या.

आधी एक कबुली देते. सहावीत असताना मी काढलेली कळशी गुरुजींनी साऱ्या वर्गाला उंच धरून दाखवली. वर्ग हसला. पुढच्या वर्षी सातवी झाली आणि आईच्या दुखण्यापायी शाळा सुटली. ते हसणे मात्र सुटले नाही. लग्न होऊन सासरी आले तरी दारात रांगोळीचे ठिपके मी घालायची आणि रेघा जाऊबाईंना ओढायला लावायची. हात आखडला तो आखडलाच.

मागल्या दिवाळीत मुलीने मला फोनवर एक गंमत दाखवली. एक बाई पेल्यात एकावर एक रंग ओतून तो पेला कॅनव्हासवर पालथा घालीत होती आणि मग कॅनव्हास नुसता इकडेतिकडे कलता करीत होती. कुंचला नाही, पेन्सिल नाही, रेघ तर नाहीच! मी भिशीच्या पैशांतून चार ॲक्रिलिक रंग आणि चार लहान कॅनव्हास आणवले. पहिले तीन वाया गेले. ते कसे, हेच सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिल्या खेपेला रंग पातळ करायला मी नुसते पाणी ओतत गेले. वाळल्यावर बोट लावले तर रंग बोटाला! ॲक्रिलिकमध्ये रंगाच्या पुडीला धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो. पाणी फार झाले की त्याची पकड सुटते. म्हणून पाण्याऐवजी माध्यम घालावे. बाजारात तयार मिळते. शिकताना मी दोन भाग पांढरा फेविकॉल आणि एक भाग पाणी असे कालवते, आणि एक भाग रंगाला हे मिश्रण दोन भाग घेते. मात्र कोणाला भेट द्यायचे चित्र असेल तर तयार माध्यमच वापरा. गोंद कालांतराने पिवळा पडतो. पातळपणाची खूण अशी: काडीवरून सोडलेली धार तुटू नये, पण पडलेली धार खालच्या रंगात लगेच विरून जावी. धिरड्याचे पीठ ज्या हाताला कळते, त्याला हे निराळे शिकवावे लागत नाही. ढवळावे सावकाश, नाहीतर बुडबुडे येतात. आले तर रंग थोडा वेळ ठेवून द्यावा.

दुसऱ्या खेपेला चित्र सुरेख उतरले. रात्री गॅलरीत वाळत ठेवले. सकाळी पाहते तो सगळा रंग एका कोपऱ्यात! गॅलरीला पाणी जायला उतार असतो, हे रोज झाडणाऱ्या मला आठवू नये? आता मी आधी ताटलीत पाणी घालून जागा सपाट आहे की नाही ते पाहते. कॅनव्हासच्या लाकडी चौकटीला मागून चार टाचण्यांचे पाय करते आणि खाली जुना ट्रे ठेवते.

तिसऱ्या खेपेला घाई नडली. लवकर वाळावे म्हणून पंखा लावला. वरची साय आधी वाळली, आतला रंग ओला राहिला आणि भेगा पडल्या. तेव्हा पंखा नको, ऊन नको. वर न टेकणारे खोके पालथे घालावे आणि दोन-तीन दिवस त्याकडे पाहूसुद्धा नये.

मुलीने वाचून दाखवले, की मेक्सिकोचे चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत असेच रंगावर रंग ओतून पाहिले होते. ते रंग ॲक्रिलिक नव्हते, पण युक्ती तीच. २०१५ साली मेक्सिकोतल्या संशोधकांनी त्याचे कारण सांगितले: जड रंग हलक्या रंगावर पडला की जड खाली उतरू पाहतो, हलका वर येऊ पाहतो, आणि त्या ओढाताणीत नक्षी उमटते. पांढरा रंग बहुधा जड असतो. म्हणजे नक्षी दैवाने येत नाही, मापाने येते!

चौथ्या खेपेला निळा, मोरपंखी, सोनेरी आणि पांढरा एवढेच घेतले. फार रंग घेतले की चिखल होतो. आठ बाय दहा इंचांच्या कॅनव्हासला सगळे मिळून साधारण १०० मिलिलिटर पुरते. आधी पांढऱ्याचा पातळ हात दिला, पेला पालथा घातला, दोन मिनिटे थांबून उचलला आणि चारही कोपरे झाकेपर्यंत हळूहळू कलते केले. मग हात काढून घेतला. कठीण काय असेल तर तेवढेच.

एक विनंती. उरलेला रंग मोरीत ओतू नका. तो वाळून नळीत बसतो, आणि मग खालच्या बिऱ्हाडाची बोलणी खावी लागतात. मी खाल्ली आहेत. पेले कागदाने पुसावे, उरलेला रंग वाळवून कचऱ्यात टाकावा.

ते चौथे चित्र आमच्या स्वयंपाकघरात लावले आहे. जाऊबाईंनी विचारले, "हे कशाचे चित्र ग?" मला सांगता येईना. "पण मी काढलंय," एवढे मात्र सांगितले. यंदा पाडव्याला दारातल्या रांगोळीच्या रेघा मीच ओढल्या. वाकड्या आल्या. पुसल्या नाहीत.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी घरातली एखादी जुनी गुळगुळीत फरशी घेऊन माझ्याकडे यावे. पहिल्याच दिवशी कॅनव्हासला पैसे घालू नयेत.