अस्थिरोगोपचार : रुग्ण पुन्हा उभा राहावा म्हणून



अस्थिरोगतज्ज्ञ म्हणजे मोडलेले हाड जोडणारा डॉक्टर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हाडे, सांधे, स्नायू, अस्थिबंध आणि पाठीचा कणा एवढे या शास्त्राचे क्षेत्र विस्तृत आहे. अपघात, संधिवात, हाडांचा क्षयरोग, उतारवयातील ठिसूळ हाडे आणि जन्मजात व्यंग यांवर त्यात उपचार होतात. १७४१ साली फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी ‘सरळ’ आणि ‘बालक’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून या शास्त्राचे पाश्चात्त्य नाव घडविले.

जन्मतः पाऊल वाकडे असलेल्या बालकाच्या बाबतीत ते नाव आजही सार्थ ठरते. पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू केल्यास, दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करता येते. पुढे सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपताना विशेष बूट घालावे लागतात. ते मध्येच सोडल्यास व्यंग परतण्याची भीती असते. म्हणून माता-पित्यांची चिकाटी हा उपचाराचाच भाग होय.

तज्ज्ञ प्रथम रुग्णाची हकीकत ऐकतात, त्याची चाल व सांध्यांची हालचाल पाहतात आणि आवश्यक तेथे क्ष-किरण तपासणी करतात. औषध, विश्रांती व व्यायाम यांनी भागत असेल तेथे शस्त्रक्रियेची गरज नसते.

हाड मोडल्यावर मात्र अज्ञान महागात पडते. चोळणे किंवा ओढणे टाळावे. अवयव न हलेल असा आधार देऊन रुग्णास रुग्णालयात न्यावे. पट्ट्या अतिशय घट्ट बांधल्यास रक्तप्रवाह अडतो आणि काही तासांतच स्नायू मृत होऊ लागतात. बोटे थंड, निळसर वा बधिर झाली, वेदना वाढत गेली, तर पट्टी तत्काळ सैल करून डॉक्टरांकडे धाव घ्यावी. अन्यथा हात वा पाय गमावण्याची वेळ येते.

पाय गमावलेल्यांसाठीही मार्ग आहे आणि तो अहिल्यानगर जिल्ह्यातच दिसतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याच्या कार्यशाळेत स्थानिक कारागिरांनी ‘जयपूर फूट’ घडविले. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद सेठी यांनी जयपुरात विकसित केलेले हे पाऊल अनवाणी चालण्यास, उकिडवे बसण्यास आणि ओल्या शेतात वावरण्यास उपयोगी पडते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते देशोदेशी पोहोचविले.

हाड जुळले म्हणजे उपचार संपले असे नव्हे. शेतकरी बांधावर आणि वृद्ध माता स्वतःच्या पायांनी अंगणात येईल, तेव्हाच ते पूर्ण झाले असे समजावे. तोवर रुग्णाला व्यायामास प्रवृत्त करणे आणि चालताना धीराचा हात देणे, ही सेवा प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.