भाव तोच, मग पुरत काहून नाही?

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त बोरगाव मेघे येथे बचत गटांच्या एकत्र सभेत झालेलं भाषण)



सभा सुरू व्हायच्या आधी तुमच्या गप्पा कानावर आल्या. साबण पहिल्यासारखा पुरत नाही. बिस्किटाचा पुडा दोन लेकरांतच संपतो. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "भाव तोच आहे बाई, पाच रुपये." तो खोटं बोलत नाही. भाव तोच आहे, कमी झालं ते वजन.

असं काहून होते? पाचाची, दहाची वस्तू घ्यायची आपल्याला सवय लागली आहे. पाचाचे सहा केले तर गिऱ्हाईक थांबतं, विचार करतं. ग्रॅम कमी केले तर कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून कंपन्या भावाला हात लावत नाहीत, पुड्यातला माल काढतात.

एक हिशोब करू. समजा 200 ग्रॅमचं पाकीट 40 रुपयांना होतं. आता त्यात 180 ग्रॅम येतं, किंमत 40च. आधी ग्रॅमला 20 पैसे पडत होते, आता 22 पैशांच्या वर पडतात. म्हणजे शेकडा 11 रुपयांची वाढ झाली. भाव न वाढवता झाली.

तेलाचंही पाहा. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, साधारण 910 ग्रॅम. 15 लिटरचा पिपा आणि 15 किलोचा पिपा यात सव्वा किलोच्या वर फरक पडतो. दोन दुकानांचे भाव लावून पाहताना आधी विचारा, भाऊ, लिटर की किलो? आता तर 800, 850 ग्रॅमच्याही पिशव्या येतात. चहा, साबण, खाद्यतेल, डाळ-तांदूळ अशा वस्तू ठरावीक मापांत भरायच्या असा आधी नियम होता. 2021 च्या दुरुस्तीने ते बंधन काढलं. त्याच दुरुस्तीने दुसरी एक गोष्ट आपल्या हाती दिली. पाकिटावर एका ग्रॅमचा, मिलिलिटरचा किंवा नगाचा भाव छापायचा. माल किलोच्या किंवा लिटरच्या वर असला तर किलोचा, लिटरचा. किमतीजवळ बारीक इंग्रजी अक्षरात 'यूएसपी' लिहिलेलं असतं, तेच ते. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला लावा. दोन पाकिटं शेजारी ठेवा आणि हा आकडा पाहा. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडते असंही नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. पाचाच्या पुड्याची किंमत कमी झाली नसेल, तर त्यात वजन वाढलं का, हे आपणच पाहायचं.

आता कायदा काय म्हणतो? वजन कमी करून तेवढंच पाकिटावर छापलं, तर तो गुन्हा नाही. पण छापल्यापेक्षा कमी भरणं गुन्हा आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणंही गुन्हा आहे. तशी तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. काट्याची तक्रार वैधमापन कार्यालयात करता येते. मात्र बिल घ्या. बिल नसलं की आपलं म्हणणं लंगडं पडते.

महागाईवर बाया फक्त कुरकुरत बसल्या असं कधी झालं नाही. 1972 मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या. हाती लाटणं, थाळी घेऊन हजारो बाया रस्त्यावर उतरल्या. पुढे 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिने कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र घ्यायचं आणि वाटून द्यायचं काम केलं.

हे आपल्याला जमण्यासारखं आहे. दहा जणींचा गट. घरटी महिन्याला दोन किलो तूरडाळ धरली तर वीस किलो झाली. दहा जणी सुट्ट्या गेल्या तर दहा वेळा किरकोळ भाव. एकीने वर्ध्याला जाऊन ठोक भाव विचारला तर कट्ट्याचा भाव लागते. फक्त तीन गोष्टी पाळा. पैसे आधी गोळा करा, उधारी नको. गटाच्या बचतीला हात लावायचा तर ठराव करूनच. आणि डाळ सगळ्यांसमोर मोजा.

आता जे सांगते ते काही जणींना झोंबेल.

आपणही पाकिटं भरतो. पापड, हळद, तिखट, मसाला. उडदाची डाळ महाग झाली की कोणत्या ना कोणत्या बैठकीत हा विषय निघतेच: "भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल. 200 च्या जागी 180 भरून टाकू." माझं म्हणणं साफ आहे, असं करू नका. पाकिटावर 200 छापून 180 भरलं तर गुन्हा. 180 छापून भरलं तर कायद्यात बसेल, पण गुपचूप केलेल्या ज्या गोष्टीचा आपल्याला राग येतो, तीच आपण शेजारणीसोबत केली असं होईल. कंपनी दूर आहे, तिला कोणी तोंडावर बोलत नाही. आपलं गिऱ्हाईक तर हळदीकुंकवाला भेटते.

त्यापेक्षा भाव उघड वाढवा. कारण सांगा, की उडीद महागला म्हणून पाच रुपये वाढवले, वजन पुरं आहे. काही दिवस विक्री कमी होईल, हे मी मान्य करते. पण एकदा का वजनावरचा विश्वास गेला, की तो एका गटाचा जात नाही, सगळ्या गटांचा जाते.

पापड पुरते वाळल्यावरच मोजा, नाहीतर पाकिटात वाळून वजन घटते. पिशवीचं वजन धरू नका. काट्याची पडताळणी वेळेवर करून घ्या. पाकिटावर गटाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष आणि ग्रॅमचा भावही छापा. कंपनीकडून जे मागतो ते आपण आधी देऊ.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट आणायचं. वजन, किंमत आणि ग्रॅमचा भाव गटाच्या वहीत लिहायचा. सहा महिन्यांनी तीच वस्तू पुन्हा पाहायची. मग वजन कमी झालं, हे नुसतं वाटते असं राहणार नाही, ते आपल्या वहीत लिहिलेलं असेल.