जयंती नसलेलं शिल्प
(रेडिओवरील भाषण)



चौकातला पुतळा कुणाचा, हे आपल्या नगरमधलं शाळकरी पोरही सांगेल. त्याची जयंती होते, हार चढतात. त्याला धक्का लागला तर माणसं रस्त्यावर उतरतात. पण जे शिल्प कुणा व्यक्तीचं नाही, ज्यात नुसता आकार, पोत आणि तोल आहे, त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? अशी अमूर्त शिल्पं घडवणाऱ्या पिलू पोचखानवाला यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

त्यांचा जन्म १९२३चा, पारशी कुटुंबातला. शिक्षण वाणिज्य शाखेचं, काम जाहिरात व्यवसायात. १९५१ साली त्या युरोपला गेल्या, तिथली आधुनिक शिल्पं पाहिली आणि आयुष्याची दिशाच बदलली. त्यांनी शिल्पकलेचे धडे घेतले ते नारायण गणेश पानसरे यांच्याकडे. मुंबईच्या फोर्ट भागात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर ज्या भव्य मनुष्याकृती कोरल्या आहेत, त्या याच पानसऱ्यांच्या.

पिलूबाईंची सुरुवातही मनुष्याकृतींपासूनच झाली. लाकूड, दगड, शिसं अशी माध्यमं हाताळत त्या धातूच्या भंगाराकडे वळल्या. टाकून दिलेले लोखंडी तुकडे त्यांनी वेल्डिंगने जोडले. आपल्या एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला त्यातली मेहनत समजावून सांगावी लागणार नाही. जोड पक्का हवा, वजन पेललं गेलं पाहिजे आणि एवढं करून त्या जड धातूला गती आली पाहिजे. शिल्पकलेत स्त्रिया मोजक्याच असण्याच्या काळात त्यांनी हे काम केलं.

मुंबईत हाजी अलीच्या चौकात त्यांचं ‘स्पार्क’ हे शिल्प उभं होतं. पुढे ते तिथून हटवलं गेलं. ज्याची जयंती नाही, त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही.

त्यांनी मात्र इतरांच्या कलेसाठी धडपड केली. मुंबईच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात आधुनिक कलेचं संग्रहालय व्हावं, म्हणून झटणाऱ्यांत त्या आघाडीवर होत्या. १९८६ साली त्यांचं निधन झालं. ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६मध्ये सुरू झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

श्रोतेहो, मुंबईला गेलात तर त्या संग्रहालयात जरूर जा. अमूर्त शिल्पासमोर ‘हे कुणाचं?’ असं विचारू नका. त्याच्याभोवती एक फेरी मारा, चहूबाजूंनी पाहा. आणि आपल्या गावातल्या एखाद्या चौकात कुणी असं शिल्प उभारलं, तर ते जपण्याची जबाबदारी आपली माना.